पीळ दिल्यावर अक्षीय बल उलटं किंवा वेडंवाकडं येतंय? मटेरियल मॉडेल बदलण्याआधी हे तपासा

तंतू घातलेला सिलिकोनचा दंडगोल असो, हृदयातल्या पॅपिलरी स्नायूचा तुकडा असो किंवा कोलॅजनची जेल, लांबी पक्की धरून पीळ दिला की यंत्र दोन आकडे देतं: टॉर्क (पिळायला लागणारा जोर) आणि अक्षीय बल (नमुना लांबीच्या दिशेने टोकांना देतो ते बल). टॉर्कबद्दल फारशी तक्रार नसते. तक्रार असते ती अक्षीय बलाची. थिअरी सांगते की नमुना टोकांना बाहेर ढकलेल, प्रत्यक्षात तो आत ओढतो. उजवीकडे पिळला तर एक आकडा, डावीकडे पिळला तर दुसराच. काल जे बल आलं ते आज त्याच नमुन्यावर येत नाही. सिम्युलेशनमध्ये तर कधी कधी चक्क शून्य.

अशा वेळी बहुतेक जण मटेरियल मॉडेलला, म्हणजे पदार्थ किती ताणला की किती बल देतो हे सांगणाऱ्या सूत्राला, हात घालतात. तंतूंचे स्थिरांक बदलतात, घातांकी मॉडेल आणतात, तंतूंच्या विखुरण्यासाठी आणखी एक प्राचल घेतात. प्राचलं वाढली की वक्र जुळतोच, आणि मूळ दोष त्या प्राचलांमध्ये कायमचा मुरून बसतो. म्हणून माझा आग्रह आहे की मॉडेलला सगळ्यात शेवटी हात लावा. त्याआधी हे बल किती नाजूक आहे ते बघू.

बल मुळात केवढं असतं

जॉन हेन्री पॉयंटिंग यांनी १९०९ मध्ये धातूच्या तारांना पीळ देऊन दाखवलं की पिळलेली तार किंचित लांबते, आणि ही वाढ पिळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस रिव्हलिन यांनी रबरासारख्या, घनफळ न बदलणाऱ्या पदार्थांसाठी या परिणामाचं पूर्ण गणित मांडलं. लांबी धरून ठेवली तर ही लांबण्याची ओढ (हाच पॉयंटिंग परिणाम) टोकांना बाहेर ढकलणारं बल म्हणून दिसते; खाली ‘दाब’ म्हणजे हेच बल. सगळ्यात साध्या, निओ-हूकियन पदार्थाच्या भरीव दंडगोलासाठी एक सुटसुटीत नातं निघतं:

टोकांवरचा दाब = (पीळ-दर × टॉर्क) ÷ २

पीळ-दर म्हणजे दर एकक लांबीमागे रेडियनमध्ये मोजलेला कोन. या नात्यात ना त्रिज्या येते ना शिअर मॉड्यूलस (पदार्थाचा पिळाला होणारा विरोध), त्यामुळे तंतू नसलेल्या नमुन्यावर यंत्र तपासायला याच्याइतकी सोपी कसोटी नाही.

आता आकडे घालू. त्रिज्या १० मिमी, लांबी ५० मिमी, शिअर मॉड्यूलस १०० किलोपास्कल, एकूण पीळ ६० अंश. टॉर्क येतो सुमारे ०.०३३ न्यूटन-मीटर, आणि टोकांवरचा दाब सुमारे ०.३४ न्यूटन. म्हणजे जेमतेम ३५ ग्रॅमचं वजन. याच मापाचा नमुना १ किलोपास्कलच्या मऊ ऊतीचा असेल तर हेच बल साडेतीन मिलिन्यूटनपेक्षाही कमी. ५० न्यूटनच्या लोड सेलवर (बल मोजणाऱ्या संवेदकावर) ते गोंगाटात हरवतं.

दुसरा हिशोब याहून महत्त्वाचा. त्या सिलिकोनच्या दंडगोलात ०.३४ न्यूटन बल किती अक्षीय विकृतीने तयार होईल? सुमारे ०.३७ टक्के, म्हणजे ५० मिमी लांबीत ०.१८ मिमी. पकड इतकी सरकली, गोंदाचा थर इतका दबला किंवा नमुना बसवताना तो इतका ताणला गेला, तर तुम्ही मोजायला निघालात तो अख्खा परिणाम त्याच्याखाली गाडला जातो. शिवाय टॉर्क आणि बल दोन्ही त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतात. त्रिज्या मोजताना ५ टक्के चूक झाली तर दोन्हींत सुमारे २१ टक्के चूक होते. मऊ ऊतीची त्रिज्या कॅलिपरने दाबून मोजू नका, फोटोवरून मोजा.

आधी यंत्राचं चिन्ह

हे एका मिनिटात उरकतं, म्हणून आधी करा. ताण-चाचणीच्या यंत्रावर ओढ धन आणि दाब ऋण दाखवायची पद्धत आहे. ऱ्होमीटरवर (दोन पाट्यांमध्ये नमुना फिरवून मोजणाऱ्या यंत्रावर) याच्या नेमकं उलट: नमुना पाट्यांना दूर ढकलत असेल तर बल धन. त्यामुळे पॉयंटिंग परिणाम एका यंत्रावर ऋण आणि दुसऱ्यावर धन दिसतो. बोटाने वरची पाटी हलकेच वर ढकला आणि पडद्यावरचा आकडा कुठल्या बाजूला जातो ते वहीत लिहून ठेवा.

ऱ्होमीटरवर आणखी एक गोष्ट. अक्षीय बल स्थिर ठेवणारी स्वयंचलित सोय चालू राहिली असेल तर यंत्र पाट्यांमधलं अंतर बदलत राहतं आणि बल दिसतच नाही. अंतर स्थिर ठेवायचा पर्याय निवडा.

दोन्ही दिशांना पिळा आणि आकडे वेगळे करा

अख्ख्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. नमुन्याला उजवीकडे जेवढा पीळ द्याल तेवढाच डावीकडे द्या. मग प्रत्येक कोनासाठी अक्षीय बलाचे दोन भाग काढा:

सम भाग = (उजव्या पिळाचं बल + डाव्या पिळाचं बल) ÷ २
विषम भाग = (उजव्या पिळाचं बल − डाव्या पिळाचं बल) ÷ २

ज्या नमुन्यात डाव्या-उजव्याचा भेद नाही, त्यात अक्षीय बल पूर्णपणे सम असायला हवं. बिनतंतूचा दंडगोल, अक्षाला समांतर तंतू असलेला दंडगोल, आणि दोन्ही दिशांना सारख्या कोनाने गुंडाळलेल्या दोन तंतुसमूहांचा दंडगोल, हे तिन्ही यात आले. टॉर्कचं याच्या उलट: तो पूर्णपणे विषम असायला हवा. सम भाग पीळ-दराच्या वर्गासमोर मांडा. सुरुवातीला सरळ रेषा आली तर तुम्ही खरा पॉयंटिंग परिणाम बघत आहात. ती रेषा शून्यातून जात नसेल तर नमुना बसवतानाच ओढला किंवा दाबला गेला आहे.

अक्षीय बलात विषम भाग ठळक दिसला तर दोनच शक्यता: नमुन्याला खरोखर डावं-उजवं आहे, किंवा बसवण्यात दोष आहे. या दोन शक्यता वेगळ्या न करता कुठलंही मॉडेल बसवणं मला मान्य नाही.

खोटा विषम भाग कुठून येतो

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे चाचणीचा क्रम. रबर आणि ऊती दोन्ही पहिल्या फेरीत कडक असतात, नंतर मऊ पडतात. रबरात याला म्युलिन्स परिणाम म्हणतात, आणि ऊतींवर काम करणारे म्हणूनच आधी काही फेऱ्या फुकट चालवतात. तुम्ही नेहमी उजवीकडे आधी पिळत असाल तर उजवी बाजू नेहमीच कडक दिसेल. उपाय: कमाल कोनापर्यंत दोन्ही दिशांना आधी काही फेऱ्या चालवा, आकडे स्थिरावले की मगच नोंद घ्या. दुसऱ्या ताज्या नमुन्यावर क्रम उलटा करा. विषम भागाचं चिन्ह क्रमाबरोबर उलटलं तर दोष क्रमाचा. तसंच राहिलं तर पुढे चला.

दुसरं कारण मांडणीचं. नमुन्याचा अक्ष यंत्राच्या अक्षापासून बाजूला असेल आणि त्याच वेळी टोकाची पाटी तिरपी असेल, तर फिरवताना टोक एका दिशेला किंचित वर जातं, दुसऱ्या दिशेला खाली. वर पाहिलं की मिमीचा पाचवा भागही इथे मोठा आहे. तपासायची रीत सोपी आहे: नमुना काढा, वरखाली उलटा करून बसवा, पुन्हा मोजा. दंडगोल उलटा केल्याने उजवा मळसूत्री तंतू डावा होत नाही, त्यामुळे तंतूंमुळे आलेला विषम भाग तसाच राहायला हवा. तो बदलला तर दोष पाट्यांचा किंवा पकडीचा आहे.

तिसरं कारण वळणं आणि कुबड. बारीक, लांब रबरी दांडा पीळ वाढला की एकाएकी बाजूला वळतो. दांडा पिळाखाली केव्हा वळतो याचं सूत्र ग्रीनहिल यांनी १८८३ मध्ये दिलं. घनफळ न बदलणाऱ्या रबरासाठी त्यातून निघतं की टोकं हव्या त्या दिशेला झुकायला मोकळी असतील तर एकूण पीळ दीड फेऱ्याच्या आसपास पोचला की दांडा वळतो, मग लांबी आणि जाडी काहीही असो. टोकं घट्ट पकडली तर ही मर्यादा वाढते, पण लांबी धरल्यामुळे तयार होणारा दाब ती पुन्हा खाली आणतो. आलेखात बल अचानक घसरलं तर व्हिडिओ बघा. थोडा पूर्वताण दिला की वळणं लांबणीवर पडतं. धमन्या तर शरीरातही लांबीच्या दिशेने ताणलेल्याच असतात, त्या ढिल्या ठेवून पिळणं मुळातच चूक आहे.

खरा विषम भाग: एकाच दिशेने गुंडाळलेले तंतू

दोर वळणाऱ्याला हे हातानेच कळतं: पिळाच्या दिशेने वळला की दोर आवळतो, उलट वळला की सुटतो. एकाच दिशेच्या मळसूत्री तंतूंचा दंडगोल तसाच वागतो. एका दिशेच्या पिळाने तंतू ताणले जातात, उलट दिशेने आखडतात. आखडलेला तंतू बहुतेक वेळा काहीच भार घेत नाही. तो किती वेळ ढिला राहतो? अक्षाशी ३० अंशाचा कोन असलेला तंतू उलट दिशेच्या पिळात पृष्ठभागावरचं शिअर (त्रिज्या × पीळ-दर) सुमारे १.१५ होईपर्यंत आपल्या मूळ लांबीपेक्षा आखूडच राहतो. प्रयोगशाळेत एवढ्या पिळापर्यंत क्वचितच जातात. म्हणजे एका बाजूला तुम्ही तंतूंसह पदार्थ मोजता आणि दुसऱ्या बाजूला जवळपास नुसतं सिलिकोन. दोन्ही दिशांचे आकडे एकत्र करून सरासरी काढणारे पाहिले की वाईट वाटतं. सगळी माहिती तिथेच पुसली जाते.

इथे एक सापळा आहे. भरीव दंडगोलात सगळ्या त्रिज्यांवर तंतूंचा कोन सारखा आहे असं धरून हिशोब केला, तर लहान पिळासाठी निघतं की तंतूंमुळे येणारं अक्षीय बल अक्षापासून ५४.७ अंशाच्या कोनाला शून्य होतं. कोन त्याहून लहान असेल, म्हणजे तंतू अक्षाच्या जवळचे असतील, तर तंतू ताणणाऱ्या पिळात टोकं आत ओढली जातात. कोन मोठा असेल, म्हणजे तंतू आडवे असतील, तर ताणलेले तंतू दंडगोलाला भोवतीने आवळतात आणि टोकं बाहेर ढकलली जातात. म्हणून ‘तंतू ताणले की ओढ येणारच’ हे गृहीत धरू नका. ५५ अंशाच्या आसपासच्या नमुन्यात अक्षीय बलात डावं-उजवं दिसलंच नाही तरी ते टॉर्कच्या उतारात दिसेल. तिथे बघा.

विणलेल्या जाळीच्या नळीत दाब भरल्यावर ती ना लांबते ना आखडते, तो कोनही हाच ५४.७ अंश. मॅककिबेन पद्धतीचे हवेवर चालणारे कृत्रिम स्नायू या कोनाच्या खालून सुरू होतात, म्हणून फुगताना आखडतात. सॉफ्ट रोबॉटिक्सवाल्यांचा नेहमीचा प्रश्न असतो की नळी फुगवली की ती आपोआप का पिळते. दोन दिशांचे दोरे तंतोतंत बरोबरीचे नसतात म्हणून. एका दिशेचा दोरा जास्त ताणून गुंडाळला गेला असेल, वरच्या थराची त्रिज्या थोडी जास्त असेल किंवा एक दोरा टोकाशी सुटला असेल, तर उरलेल्या दोऱ्याचा ताण नळीला त्या दोऱ्याचं वळण उलगडेल अशा दिशेने फिरवतो. नळी कुठे फिरते ते बघा, दोषी दोरा लगेच कळतो. पॉलिएस्टरचा दोरा सिलिकोनला नीट चिकटत नाही, त्यामुळे दोऱ्याची टोकं नळीच्या बुचात यांत्रिकपणे अडकवा. नुसत्या चिकटण्यावर विसंबू नका.

सम भाग आहे, पण उलट्या चिन्हाचा

आलेख दोन्ही बाजूंना सारखा आहे, वर्गाशी सरळ रेषेत आहे, पण नमुना ढकलण्याऐवजी ओढतो. ही चूक नसण्याची शक्यता जास्त. अक्षाला समांतर तंतू असले की कुठल्याही दिशेच्या पिळाने ते ताणले जातात आणि टोकं आत खेचतात. आधाराचा पदार्थ ढकलतो, तंतू खेचतात, जो जास्त तो जिंकतो. तंतूंची ऊर्जा त्यांच्या ताण-वर्गाच्या (आताची लांबी ÷ मूळ लांबी, याच्या वर्गाच्या) बदलाच्या वर्गावर अवलंबून आहे असं साधं मॉडेल घेतलं (त्या वर्गाचा गुणक म्हणजे तंतू-स्थिरांकाचा अर्धा भाग), तर तंतू-स्थिरांक शिअर मॉड्यूलसच्या पाव भागाहून जास्त झाला की चिन्ह उलटतं. इतका कमी उंबरठा! स्नायू आणि कंडरांमध्ये तो सहज ओलांडला जातो. म्हणून पॅपिलरी स्नायूने टोकं ओढली तर दचकू नका.

फायब्रिन आणि कोलॅजनसारख्या तंतुजाळ्यांच्या जेल शिअरमध्ये पाट्यांना आत ओढतात हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. उलट, डुकराच्या मेंदूच्या ऊतीवरच्या २०१९ च्या प्रयोगांत ऊतीने पाट्यांना ढकललं. तुमच्या नमुन्याचं चिन्ह कुणाशी जुळायला हवं हे त्यातल्या तंतूंवर ठरतं, ‘मऊ ऊती’ या नावावर नाही.

जेलमध्ये वेळही बघावी लागते. पीळ दिल्या दिल्या पाणी जाळ्यात अडकलेलं असतं, पदार्थ घनफळ न बदलणाऱ्यासारखा वागतो आणि ढकलतो. पाणी हळूहळू जाळ्यातून सरकलं की तोच नमुना ओढायला लागतो. पीळ देऊन थांबा आणि बल वेळेसमोर मांडा. चिन्ह वाटेत बदलत असेल तर दोन वेगवेगळ्या वेगांनी घेतलेल्या आकड्यांची तुलना करू नका.

सिम्युलेशनमध्ये गडबड असेल तर

अक्षीय बल शून्य येतंय? मोठ्या विरूपणाचा पर्याय बंद आहे. पॉयंटिंग परिणाम हा दुसऱ्या क्रमाचा आहे, रेषीय गणितात तो असूच शकत नाही. अबॅकस या सॉफ्टवेअरमध्ये एनएलजिऑम (हाच तो पर्याय) चालू आहे का ते सगळ्यात आधी बघा.

पिळताना दंडगोल एका बाजूला वाकतोय? तंतूंची दिशा कार्टेशियन अक्षांत दिली गेली आहे. मग सगळे तंतू अवकाशात एकमेकांना समांतर तिरपे राहतात, मळसूत्री होत नाहीत. दिशा दंडगोली निर्देशक पद्धतीत द्या, आणि काही एलिमेंटमधले (सिम्युलेशनसाठी दंडगोलाचे जे छोटे तुकडे पाडतात त्यांच्यातले) तंतू बाण काढून डोळ्यांनी पाहा.

टोकाच्या नोडना (एलिमेंटच्या कोपऱ्यांच्या बिंदूंना) थेट विस्थापनं देऊन फिरवलं असेल तर ती विस्थापनं सरळ रेषेत वाढतात. ६० अंशांच्या पिळात अर्ध्या वाटेवर पृष्ठभागाचा बिंदू सुमारे १३ टक्के आत येतो. शेवटचा आकडा बरोबर दिसेल, मधले सगळे चुकीचे. टोक एका संदर्भ-बिंदूला जोडा आणि त्या बिंदूला फिरवा.

परिघावर सरळ कडांचे १२च एलिमेंट असतील तर टॉर्क किमान ९ टक्क्यांनी कमी येतो. पुन्हा तोच चौथा घात.

सगळ्यात चिवट दोष घनफळाचा आहे. हॉल्झॅपफेल, गॅसर आणि ऑग्डेन यांचं २००० सालचं मॉडेल घनफळ न बदलणाऱ्या धमनीभित्तीसाठी होतं. थोड्या दबणाऱ्या पदार्थात ते वापरताना तंतूंचा ताण घनफळाचा बदल वगळून उरलेल्या विरूपणातून मोजतात. त्यामुळे तंतू असलेला गोळा सगळीकडून सारखा ओढला तरी गोलच राहतो, जे भौतिकदृष्ट्या चुकीचं आहे. २०१४ मध्ये हा दोष नीट मांडला गेला आणि तंतूंसाठी संपूर्ण ताण वापरण्याचा उपायही सुचवला गेला. पिळाच्या प्रश्नात हे विशेष बोचतं, कारण इथलं बल आणि घनफळातला एक टक्का बदल एकाच पातळीचे आहेत. हायब्रिड एलिमेंट (घनफळ न बदलणाऱ्या पदार्थांसाठी बनवलेले) घ्या, आणि घनफळाचं गुणोत्तर (आताचं ÷ मूळ) १ पासून हजारात एक-दोनपेक्षा जास्त ढळतंय का ते प्रत्येक धावेत बघा. तंतू बंद ठेवून चालवलेली पहिली धाव वरच्या सोप्या नात्याशी जुळेपर्यंत तंतू चालू करू नका.

ऊतींच्या नोंदीत काय लिहावं

मणक्याच्या चकतीच्या बाहेरच्या कड्यात थराआड थर तंतूंची दिशा उलटते, आडव्या पातळीशी साधारण ३० अंशांनी. कुठल्याही एका दिशेच्या पिळात मुख्यतः निम्मे थर भार घेतात, उरलेले निम्मे ढिले. अख्ख्या कड्यात हे संतुलित दिसतं, पण कापून घेतलेल्या पातळ तुकड्यात थर विषम संख्येने आले तर विषम भाग खराच येईल. थर मोजून लिहा.

टाचेच्या वरच्या ॲकिलीस कंडरेचे तंतू खाली येताना वळत जातात, आणि डाव्या-उजव्या पायांतली वळणं एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असतात. दोन पायांचे नमुने एकाच गटात टाकले तर विषम भाग एकमेकांना खोडतो आणि उरतो तो नुसता मोठा विखुरलेपणा, ज्याला मग ‘जैविक वैविध्य’ म्हटलं जातं. नमुन्याच्या डबीवर पाय कुठला, वरचं टोक कुठलं आणि पहिला पीळ कुठल्या दिशेला दिला, या तिन्ही गोष्टी नमुना कापायच्या आधीच लिहा. नंतर त्या कुठल्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाहीत.